मतबातला उस्ताद : हकीम अजमल खान

हकीम अजमल खान हे नाव आपल्याकडे दोन ठिकाणी भेटते. पहिले ठिकाण इतिहासाच्या पुस्तकाचे. खिलाफत आणि असहकाराच्या धड्यात अली बंधू आणि डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या ओळीत ते येतात आणि पुढच्याच वाक्यात नाहीसे होतात. दुसरे ठिकाण वडीलधाऱ्यांच्या गप्पांचे. तिथे हकीमसाहेब नुसत्या नाडीवरून काल काय खाल्ले ते सांगतात. पडद्याआडच्या बेगमेच्या मनगटाला बांधलेली दोरी बोटांत धरून रोग ओळखतात. परीक्षा पाहावी म्हणून घरच्यांनी दोरी मांजरीच्या पायाला बांधली, तर हकीमसाहेब म्हणाले, रोग्याला उंदीर खाऊ घाला! हा किस्सा हिंदुस्थानातल्या निदान डझनभर हकिमांच्या नावावर सांगितला जातो. हसण्यापुरता तो चांगला आहे.

या दोन्ही ठिकाणी जो माणूस भेटत नाही, तो शिक्षक अजमल खान. आम्ही शिकवण्याच्याच पेशातले, म्हणून असेल कदाचित, पण त्यांच्या सगळ्या कामांत आम्हाला हेच काम मोठे वाटत आले आहे. दिल्लीतल्या असंख्य घरांचा हा घरचा हकीम. आजोबांची प्रकृती माहीत, नातवाचीही माहीत. अशा माणसाने आपल्या खानदानात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली विद्या परक्या मुलांपुढे उघडी केली, तिच्यासाठी कॉलेज उभारले, आणि तीच विद्या प्रयोगशाळेत पारखून घ्यायलाही तो तयार झाला. यातली शेवटची गोष्ट करायला नाडी ओळखण्यापेक्षा जास्त हिंमत लागते.

अजमल खान यांचा जन्म दिल्लीचा, ११ फेब्रुवारी १८६८ चा. त्यांचे पूर्वज मध्य आशियातून मोगलांबरोबर आलेले. घराण्याला नाव मिळाले ते हकीम शरीफ खान यांच्यामुळे. बादशहा शाह आलमच्या काळातले हे नामांकित हकीम. बल्लीमारान मोहल्ल्यातली ‘शरीफ मंझिल’ ही या घराण्याची हवेली. शरीफ खान यांनी हिंदुस्थानी वनस्पतींच्या औषधी गुणांवर ‘तालीफ-ए-शरीफी’ हा ग्रंथ लिहिला. जॉर्ज प्लेफेअर या इंग्रज डॉक्टरने १८३३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. म्हणजे ‘युनानी’ हे नाव ग्रीसचे असले, तरी या घराण्याची नजर इथल्या मातीतल्या झाडपाल्यावर पहिल्यापासून होती. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

अजमल खान यांचे वडील हकीम महमूद खान. पतियाळाच्या महाराजांच्या दरबाराशी त्यांचा संबंध होता. १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि लूट, कत्तल सुरू झाली, तेव्हा पतियाळाच्या शिपायांनी या हकिमांच्या गल्लीवर पहारा ठेवला. गल्लीत मिर्झा गालिब राहत होते. तेही त्यामुळे बचावले, आणि ‘दस्तंबू’त त्यांनी हे नोंदवून ठेवले आहे. ज्या शहरात शाही घराणी, मदरसे, ग्रंथालये उद्ध्वस्त झाली, तिथे एक मतब शाबूत राहिला.

‘मतब’ म्हणजे हकिमाचा दवाखाना. पण आजच्या दवाखान्याचे चित्र डोळ्यांपुढे आणून भागणार नाही. हकीम बैठकीवर बसलेला, समोर रोगी, आणि बाजूला कागद-कलम घेऊन बसलेले शागीर्द. हकीम नब्ज पाहतो, जीभ पाहतो, कारूरा म्हणजे लघवीची बाटली उजेडात धरून तिचा रंग आणि तळाचा गाळ पाहतो. मग नुस्खा तोंडाने सांगतो आणि शागीर्द तो लिहून घेतो. या कामाला ‘नुस्खा-नवीसी’ म्हणत. वर्षानुवर्षे नुस्खे लिहिता लिहिता शागिर्दाच्या ध्यानात येऊ लागते की कालच्या खोकल्याला दिलेले औषध आजच्या खोकल्याला का दिले नाही. काल रोगी थंड मिजाजाचा म्हातारा होता, आज उष्ण मिजाजाचा तरुण आहे. दम, बलगम, सफरा आणि सौदा म्हणजे रक्त, कफ, पित्त आणि काळे पित्त, या चार दोषांचे माणसागणिक निराळे प्रमाण. त्याच्या जोडीला ‘अस्बाब-ए-सित्ता जरूरिया’, जगण्याला आवश्यक अशा सहा गोष्टी : हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, आणि शरीरातून बाहेर टाकणे व आत राखणे. रोग्याच्या घरात वारा येतो की नाही, सुनेशी भांडण झाले आहे का, हेही त्यामुळे हकिमाच्या विचारण्यातलेच. घरचा हकीम म्हणतात तो असा.

आणि शिकवणे हा या कामाचा भागच होता. दहाव्या शतकात इब्न-अन-नदीम यांनी ‘अल-फिहरिस्त’ या ग्रंथसूचीत राझी यांच्याविषयी लिहिले आहे : ते मध्ये बसत, त्यांच्यासमोर शागीर्द, त्यांच्यापुढे शागिर्दांचे शागीर्द, आणि त्यांच्याही पुढे आणखी एक रांग. रोगी आला की आधी बाहेरच्या रांगेला आपले दुखणे सांगे. त्यांना उलगडले नाही तर आतली रांग, आणि कुणालाच जमले नाही तर राझी स्वतः. आजच्या वैद्यकीय कॉलेजातल्या वॉर्डाच्या फेरीत निराळे काय होते? इब्न सीना हमदानला दिवसभर राज्यकारभारात अडकलेले असत, म्हणून त्यांचे विद्यार्थी रात्री घरी जमत आणि आळीपाळीने ‘शिफा’ आणि ‘कानून’ वाचत. हे त्यांचे शागीर्द जूझजानी यांनीच लिहून ठेवले आहे. दिवसा रोगी, रात्री विद्यार्थी, हा परिपाठ हजार वर्षांचा आहे.

मग या परंपरेत बिघडले काय? आमच्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टी बिघडल्या. एक, विद्या घराण्यात अडकली. उस्तादाची मर्जी असेल तर शागिर्दाला मिळे, आणि खास नुस्खे मुलासाठी मागे राहत. दुसरी, हाताचे काम हलके ठरले. नस उघडणे, गळू कापणे, हाड बसवणे हे जर्राहाकडे आणि न्हाव्याकडे गेले. हकीम ग्रंथ पढलेला, आणि शरीराचे आतून दर्शन मात्र कधी न झालेला. तिसरी, बायका. रोगी म्हणून त्या पडद्याआड, आणि शागीर्द म्हणून तर प्रश्नच नाही. त्यात सरकारने हात काढून घेतला. कलकत्त्याच्या नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२२ पासून पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर युनानी आणि आयुर्वेदही शिकवत. १८३५ मध्ये ती बंद झाली आणि तिच्या जागी केवळ पाश्चात्त्य पद्धतीचे मेडिकल कॉलेज आले. आपल्या मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. हकीम आणि वैद्य दोघेही एकाच दिवशी ‘जुने’ झाले.

शरीफी खानदानाने याला जे उत्तर दिले ते विलाप करून दिले नाही, शाळा काढून दिले. अजमल खान यांचे थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान यांनी १८८० च्या दशकात दिल्लीत ‘मदरसा तिब्बिया’ सुरू केला. मतबात बसणाऱ्या चार-दोन शागिर्दांऐवजी वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा आणि सनद. अजमल खान स्वतः जुन्या रीतीने घडले होते. कुराण मुखोद्गत, अरबी-फारसीचे अध्ययन, आणि वैद्यक वडील व भावांच्या मतबात. १८९२ मध्ये वडील वारले आणि त्याच सुमारास ते रामपूरच्या नवाबांचे हकीम म्हणून तिकडे गेले. जवळजवळ दहा वर्षे रामपुरात गेली. तिथले ग्रंथालय हिंदुस्थानातल्या उत्तम अरबी-फारसी संग्रहांपैकी एक. तेव्हा ही वर्षे त्यांच्या शिक्षणाचीच म्हटली पाहिजेत.

१९०१ मध्ये अब्दुल मजीद खान गेले, आणि पुढच्या काही वर्षांत मधले बंधू वासिल खानही गेले. मतब आणि मदरसा दोन्ही अजमल खान यांच्या अंगावर आले. त्यांच्या फीची गोष्ट चरित्रकार आवर्जून सांगतात. दिल्लीबाहेर बोलावले तर दिवसाला हजार रुपये. पण रोगी दिल्लीत मतबावर आला, तर राजा असो वा हमाल, काही नाही. त्यांच्याच पुढाकाराने ‘हिंदुस्थानी दवाखाना’ नावाचे औषध तयार करण्याचे आणि विकण्याचे केंद्र उभे राहिले आणि त्याचे उत्पन्न मदरशाकडे वळवले गेले. त्यात दोन कामे साधत. औषध शुद्ध मिळे, आणि विद्यार्थ्याला माजून, शरबत, अर्क कसे बनतात ते डोळ्यांनी पाहता येई. अत्ताराच्या पुडीत काय आहे हे ज्याला कळत नाही, त्याचा नुस्खा कितीही सुंदर अक्षरात असला तरी काय कामाचा?

१९०९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी मदरसा काढला आणि त्याला जोडून दवाखाना. मुख्यतः सुइणींना शिकवण्यासाठी. आज हे साधे वाटेल. पण ज्या शहरात भल्या घरची बाई पडद्यातून फक्त मनगट बाहेर काढत असे, तिथल्याच सर्वांत मोठ्या हकिमाने एक प्रकारे कबूल केले की मनगटावरून सगळे कळत नाही. दोरी बांधण्याच्या किश्शाला खुद्द हकीमसाहेबांनी दिलेले उत्तर म्हणून आम्ही या मदरशाकडे पाहतो. अफसोस हा की किस्सा सगळ्यांना पाठ आहे आणि मदरसा कुणाला माहीत नाही.

१९११ मध्ये ते युरोपला गेले. लंडन, पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना इथली इस्पितळे आणि वैद्यकीय शाळा त्यांनी पाहिल्या. लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात त्या वेळी डॉ. अन्सारी काम करत होते. तिथला एक प्रसंग फार सांगितला जातो. वरिष्ठ शल्यचिकित्सक डॉ. बॉइड यांनी एका रोग्याचे निदान पित्ताशयाचे केले. हकीमसाहेब म्हणाले, दोष आतड्याच्या वरच्या भागात आहे. पोट उघडले तेव्हा हकीमसाहेबांचे म्हणणे खरे निघाले. प्रसंग असाच घडला असेल किंवा सांगता सांगता थोडा सजला असेल. आमचे लक्ष मात्र दुसरीकडे जाते. जिंकल्याची गोष्ट आपण शंभर वर्षे सांगत आलो. पण निर्णय कशाने झाला? पोट उघडून पाहिल्याने झाला. हकीमसाहेब परत आले ते ‘आपली नाडी त्यांच्या चाकूपेक्षा श्रेष्ठ’ असे म्हणत नव्हे. शरीररचना आणि शस्त्रक्रिया आपल्या विद्यार्थ्यांना शिकवल्याच पाहिजेत, या मताला ते पुढेही चिकटून राहिले.

इतक्यात आपल्या मुंबई इलाख्यातून एक संकट उभे राहिले. १९१२ चा मुंबई वैद्यकीय नोंदणी कायदा. पाश्चात्त्य पदवी असलेल्या डॉक्टरांचीच सरकारी यादी होणार, आणि हकीम-वैद्यांशी व्यावसायिक संबंध ठेवणारा नोंदणीकृत डॉक्टर अडचणीत येणार. वरवर हा भोंदूंना आवर घालण्याचा कायदा. पण जरा विचार करा. तिब्बिया मदरशात शरीररचना शिकवायला डॉक्टरच हवा, आणि त्यानेच शिकवायला येऊ नये, असा त्याचा अर्थ होत होता. ज्ञानाची देवाणघेवाणच गुन्हा ठरावी! असे कायदे पुढे इतर प्रांतांतही झाले. अजमल खान यांनी १९१० मध्येच हकीम आणि वैद्य यांची एकत्र परिषद उभी केली होती, ‘ऑल इंडिया वैदिक अँड युनानी तिब्बी कॉन्फरन्स’. तिच्या व्यासपीठावरून या कायद्यांना विरोध झाला.

विरोध घरातूनही होता. लखनौच्या अझीझी खानदानाने १९०२ मध्ये ‘तकमील-उत-तिब्ब’ हे आपले विद्यालय काढले होते. तिथल्या हकिमांना वैद्यांबरोबरची ही एकी पसंत नव्हती आणि डॉक्टरी विद्येची भेसळही नको होती. युनानी ही शुद्ध राहावी, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण शुद्धतेच्या आग्रहाने दारे बंद होतात, हे आपण आपल्या समाजात इतक्या वेळा पाहिले आहे की आमचा कौल दिल्लीकडे जातो.

२९ मार्च १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते दिल्लीच्या करोलबागेत नव्या कॉलेजची पायाभरणी झाली. नावच ‘आयुर्वेदिक अँड युनानी तिब्बिया कॉलेज’. एका आवारात हकीम होऊ पाहणारा मुलगा आणि वैद्य होऊ पाहणारा मुलगा. इमारत पुरी व्हायला पाच वर्षे लागली, आणि त्या पाच वर्षांत देश बदलला. पंजाबात जालियनवाला झाले, खिलाफत उभी राहिली. सरकारने १९०८ मध्ये दिलेली ‘हाजिक-उल-मुल्क’ ही पदवी हकीमसाहेबांनी १९२० मध्ये परत केली. लोकांनी तिच्या जागी ‘मसीह-उल-मुल्क’ म्हणायला सुरुवात केली. कॉलेजचे उद्‌घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी झाले ते महात्मा गांधींच्या हस्ते.

हा समारंभ मोठा विलक्षण. ‘हिंद स्वराज’मध्ये इस्पितळांवर कडक टीका करणारे गांधीजी वैद्यकीय कॉलेज उघडायला आलेले. आणि असहकार ऐन भरात असताना त्याच कार्यक्रमात लॉर्ड आणि लेडी हार्डिंग यांच्या तसबिरींचे अनावरण! ज्यांनी पायाभरणी केली त्यांचे उपकार राजकारण बदलले म्हणून विसरायचे नाहीत, ही हकीमसाहेबांची तहजीब. गांधीजींनी भाषणात हकीम-वैद्यांची खुशामत केली नाही. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या संशोधनवृत्तीपुढे त्यांनी मान लववली, त्या वृत्तीने धरलेल्या दिशेबद्दल तक्रार केली, आणि ती चौकस वृत्ती आपल्या हकीम-वैद्यांत दिसत नाही याची खंत बोलून दाखवली. यजमानाच्या अंगणात असे बोलणे सोपे नव्हते. पण यजमानाचे मत फार वेगळे नव्हते.

त्यानंतरची सहा वर्षे राजकारणाने खाल्ली. जामिया मिल्लिया इस्लामियाचे १९२० पासून ते पहिले चॅन्सलर. १९२१ च्या अखेरीस अहमदाबाद काँग्रेसचे नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते, तेव्हा त्यांच्या जागी अजमल खान बसले. १९२५ मध्ये जामिया अलीगढहून दिल्लीला, करोलबागेतच, आणली. तिच्या खर्चाची काळजी आली ती पुन्हा यांच्याच डोक्यावर. मध्येच ‘शैदा’ या तखल्लुसने केलेली उर्दू-फारसी शायरी, जिचा दीवान डॉ. झाकिर हुसेन यांनी बर्लिनमध्ये छापून घेतला. कॉलेजला त्यांचा जेवढा वेळ मिळायला हवा होता तेवढा मिळाला नाही, असे आमचे मत आहे. राजकारणात त्यांची जागा घेणारे दहाजण होते. बल्लीमारानच्या मतबात आणि करोलबागेच्या वर्गात दुसरा नव्हता.

तरी एक बी त्यांनी पेरले. जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेल्या सलीमुज्जमान सिद्दिकी या तरुणाला त्यांनी तिब्बिया कॉलेजात संशोधन संस्था उभारण्यासाठी बोलावले. हकिमांच्या जुन्या औषधांत नेमके काय आहे ते रसायनशाळेत शोधायचे. पण हे काम बहरण्याआधीच, २९ डिसेंबर १९२७ रोजी, रामपुरात हकीमसाहेबांचे हृदयविकाराने निधन झाले.

सिद्दिकी यांनी हाती घेतली ती सर्पगंधा. हकीम तिला ‘असरोल’ म्हणतात. झोप न येणे, वेडाचे झटके यांवर हकीम-वैद्य ती पूर्वीपासून देत आले होते. १९३१ मध्ये सिद्दिकी यांनी तिच्या मुळ्यांतून काही अल्कलॉइड वेगळी केली आणि त्यांना आपल्या उस्तादाचे नाव दिले : अजमलीन, अजमलिनीन, अजमलिसीन. पुढे १९४९ मध्ये आपल्या मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हा आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि सगळ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पीन काढले. अजमलीन हृदयाच्या बिघडलेल्या तालावर वापरात आले. युरोपातल्या इस्पितळांत ब्रुगाडा नावाचा छुपा हृदयदोष ईसीजीवर उघड करण्यासाठी आजही ते शिरेतून देतात. तिथल्या डॉक्टरांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की या शब्दात बल्लीमारानचा एक हकीम बसला आहे?

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात मालेगावला मोहम्मदिया तिब्बिया कॉलेज आहे, मुंबईत वर्सोव्याला अंजुमन-ए-इस्लामचे, पुण्यात आझम कॅम्पसमध्येही युनानीचे कॉलेज आहे. युनानीच्या पदवीला दहावीपर्यंत उर्दू, अरबी किंवा फारसी झालेली लागत असे, नाहीतर ‘प्री-तिब्ब’ करावे लागत असे. त्यामुळे उर्दू माध्यमातल्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, डॉक्टरकीचा हा दरवाजा जवळचा वाटतो. दरवर्षी बारावीनंतर पालक आमच्याकडे विचारायला येतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो : या पदवीवर इंजेक्शन देता येते का? प्रश्न रास्त आहे, पोटाचा आहे. गल्लीतल्या लोकांनाही सुई टोचल्याशिवाय बरे वाटत नाही. पण मतबात बसून नुस्खे लिहिणारा शागीर्द आणि शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभा राहिलेला विद्यार्थी एकाच मुलात असावेत, म्हणून ज्याने कॉलेज काढले, त्याच्याविषयी या मुलांना पहिल्या वर्षी कुणी तासभर बोलते की नाही, ते आम्ही आमच्या माजी विद्यार्थिनींना विचारत असतो. काहींनी त्यांचे नाव ऐकलेले असते. एकीने मांजरीचा किस्सा सांगितला.

११ फेब्रुवारी हा दिवस अलीकडे देशभर ‘युनानी दिन’ म्हणून साजरा होतो. करोलबागेतला अजमल खान रोड कपड्यालत्त्याच्या खरेदीसाठी प्रसिद्ध आहे. तिथून जवळच ते कॉलेज अजून उभे आहे. एका आवारात आयुर्वेदाचेही वर्ग भरतात आणि युनानीचेही.